डाव्या हाताला अन्नपूर्णा

नकाशा जमिनीवर अंथरला होता आणि त्याचे कोपरे गुंडाळू नयेत म्हणून वाटी, डबा, चष्म्याचं घर आणि फोन असं हाताला लागेल ते चार बाजूंना ठेवलं होतं. सासूबाई खाली येऊन बसल्या. मी पेन्सिलीने काढलेल्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. बेसीसहर, वर धारापानी, चामे, मनांग, मग थोरोंग ला नावाची खिंड. पलीकडे मुक्तिनाथ, कागबेनी, जोमसोम, मग दक्षिणेला तातोपानी आणि घोरेपानी. गावांची नावं त्या पुटपुटत वाचत होत्या. बोट फिरून सुरुवातीच्या जवळपास आलं आणि थांबलं.

"अगं, तू उलटी फिरते आहेस. देव डाव्या हाताला राहतोय."

मी म्हटलं, "आई, सगळे असेच जातात. दुसऱ्या बाजूनं चढ फार अंगावर येतो."

"सगळे जात असतील," त्या म्हणाल्या, "पण प्रदक्षिणा म्हटल्यावर देव उजवीकडे हवा. शब्दातच आहे की ते."

खरंच, शब्दातच आहे. दक्षिण म्हणजे उजवा. शंकराच्या देवळातली सोमसूत्री सोडली, तर आपल्या कुठल्याही प्रदक्षिणेत हात बदलत नाही. अन्नपूर्णेभोवतीची ही वाट 1977 साली परदेशी पदभ्रमंतीकारांना खुली झाली, आणि तेव्हापासून बहुतेक सगळे ती पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे डोंगर डाव्या हाताला ठेवून करतात. कुठून सुरू करता आणि कुठे संपवता यावर ती एकशेसाठ ते दोनशेतीस किलोमीटर भरते. सुरुवात होते सातशे-आठशे मीटरवर भाताच्या खाचरांतून, आणि सर्वांत उंच जागा आहे 5,416 मीटरवर. मला ती धावत करायची होती. सासूबाईंच्या हरकतीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. ही 2018 सालची गोष्ट.

आमच्या देवघरात माझ्या गौरीहरातली अन्नपूर्णा आहे. अंगठ्याएवढी, पितळेची, हातात पळी, तांदळाच्या वाटीत बसलेली. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून तिच्यासमोर बसले होते आणि तिला घेऊनच सासरी आले. तिच्या शेजारी सासरचा शाळिग्राम आहे. काळाभोर, गुळगुळीत, बाजूला एक छिद्र, आणि छिद्रात तिरका उजेड पडला की आतलं चक्र दिसतं. तो कुणी कुठून आणला हे सासूबाईंनाही ठाऊक नाही. त्या घरात आल्या तेव्हा तो होता. मी वीस वर्षं रोज त्या दोघांना पाणी घालते आहे. नकाशावरच्या त्या वर्तुळाच्या मधोमध एक आहे आणि पश्चिमेच्या नदीत दुसरा सापडतो, हे मात्र वर्तुळ काढेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी धावायला लागले ती चाळिशीच्या आसपास, सिंहगडावर. पहाटे आतकरवाडीतून निघायचं, पुणे दरवाजा गाठायचा, पिठलं-भाकरीच्या झोपड्या उघडायच्या आत परत खाली. मग राजगड-तोरण्याची धार, मग मोठ्या अंतराच्या डोंगरी शर्यती. सह्याद्रीत धावणाऱ्याला दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात, ऊन आणि पाणी. उन्हाच्या आत जितकं अंतर तोडाल तितकं बरं. म्हणून तिथे वेग हा शहाणपणा असतो. आमच्यातले जे जाणते आहेत ते सकाळचे दोन तास कधी वाया घालवत नाहीत. हा धडा मी चांगला गिरवला होता आणि तोच घेऊन नेपाळला गेले. आपल्या राज्याचा माथा म्हणजे कळसूबाई, 1,646 मीटर. सह्याद्रीत जन्मभर धावलं तरी विरळ हवेशी गाठ पडत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ऑक्टोबर होता. सोबत लमजुंगकडचा एक गुरुंग तरुण होता. मी त्याला भाई म्हणायची, तो मला दिदी. पहिल्या दिवशी आम्ही जगतला पोचलो, 1,300 मीटर. दुसऱ्या दिवशी चामे, 2,670. मर्स्यांगदी नदी सतत कानात. पाय असे पडत होते की थांबवत नव्हतं. वाटेत तो एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा, "बिस्तारै, दिदी." सावकाश. मला वाटायचं, त्याला दम लागलाय.

तिसऱ्या दिवशी पिसांगच्या पुढे वाटेच्या मधोमध मणी-भिंत आली. हातभर रुंदीची, छातीएवढी उंच, शंभरेक पावलं लांब. वर सपाट दगडांच्या ओळी आणि दगडांवर तेच ते सहा अक्षरांचं बौद्ध मंत्रलेखन, कोरीव, पावसाने झिजलेलं, शेवाळलेलं. वाट तिथे दुभंगून भिंतीच्या दोन्ही अंगांनी जाते. मला उजवीकडची जवळची वाटली, तिकडून धावत गेले. टोकाला पोचून वळून पाहिलं तर भाई मागेच उभा. हलेना. हात करून बोलावत होता. परत गेले. तो काही रागावला नव्हता. नुसतं म्हणाला, "दिदी, ही उजव्या हाताला ठेवायची." मग आम्ही दोघं डावीकडच्या वाटेने गेलो.

तेव्हा एक गोष्ट दिसली. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या वाटा सारख्याच झिजलेल्या होत्या. वर जाणारा एका अंगाने जातो, खाली येणारा दुसऱ्या अंगाने, आणि भिंत दोघांच्याही उजव्या हाताला राहते. शेकडो वर्षं लोक, खेचरं, याकच्या रांगा अशा येऊन-जाऊन त्या मंत्राभोवती फेऱ्या पुऱ्या करत आल्या आहेत. बाजाराला जाताना अर्धी, परतताना अर्धी.

त्या संध्याकाळी मनांग, 3,540 मीटर. डोकं थोडं जड होतं, पण मी ते उन्हावर ढकललं. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं छोटं केंद्र आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि रोज दुपारी उंचीच्या आजाराविषयी सगळ्यांना समजावून सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा ते बोलणं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला मी तयार नव्हते. सकाळी निघून दुपारी लेतदर गाठलं, 4,200 मीटर. जवळच्या सगळ्यांना मी वाटेत मागे टाकलं होतं आणि त्याचा मला आनंद झाला होता, हे आज लिहिताना जड जातं.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती कानशिलांतल्या ठोक्यांनी. संध्याकाळी खाल्लेला दालभात उलटून पडला. डोळा लागला की श्वास हळूहळू उथळ होत थांबायचा, आणि मग बुडणाऱ्यासारखी धाप लागून मी उठून बसायची. भाई उठला. त्याने दिवा लावला, फळ्यांच्या जमिनीतली एक फट दाखवली आणि म्हणाला, त्या फटीवरून टाचेला बोटं लावत चाला. आपण लहानपणी अंगणात पावलांनी अंतर मोजायचो तसं. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. तिसरं मी फटीवर ठेवलं असं मला वाटलं, आणि ते वीतभर बाजूला पडलेलं दिसलं. मी पुन्हा ठेवलं. पुन्हा बाजूला. पाय माझाच होता आणि तो कुठे पडतोय हे मला कळत नव्हतं.

त्याने मला काही विचारलं नाही. पिशवी भरली, माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि अंधारात मला खाली चालवत नेलं. हात सोडला नाही. याक खर्का मागे पडलं तेव्हा डोक्यातला घण थोडा सैल झाला. मनांगच्या वरच्या चोर्तेनपाशी, म्हणजे बौद्ध स्तूपापाशी, उजाडलं तेव्हा मी सरळ रेषेत चालत होते.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, छाती तपासली आणि शांतपणे सगळं समजावलं. हवेत प्राणवायूचं प्रमाण वरही तेवढंच असतं, पण दाब कमी, म्हणून दर श्वासाला पदरात कमी पडतं. थोरोंगच्या माथ्यावर तर समुद्रकाठच्या जेमतेम निम्मं. शरीर लगेच श्वास वाढवतं. श्वास वाढला की कर्बवायू जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा समतोल बिघडतो. तो सावरायचं काम मूत्रपिंडांचं, आणि त्यांना दिवस लागतात. उंचीवर लघवीला सारखं होतं ते त्यामुळेच, आणि ते चांगलं लक्षण. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. म्हणून 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवायचा. मी एका दिवसात जवळजवळ नऊशे चढले होते आणि लगोलग आणखी साडेसहाशे.

मी म्हटलं, पण मी रोज धावते, माझी नाडी बावन्नची आहे. त्या म्हणाल्या, त्याचा इथे काही संबंध नाही. उलट धावणारेच जास्त अडचणीत येतात, कारण ते त्रास व्हायच्या आत फार वर पोचलेले असतात.

रजा संपत आली होती. आल्या वाटेने जीपने खाली उतरले. वर्तुळ अर्धंही झालं नाही.

घरी आल्यावर मी काहीच लपवलं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लगेच काही म्हणाल्या नाहीत. चार वर्षांनी, 2022 मध्ये मी पुन्हा तोच नकाशा काढला तेव्हा मात्र त्या आपणहून येऊन बसल्या. मधल्या काळात सासरे गेले होते. या वेळी त्यांचं बोट कागबेनीवर थांबलं. तिथे पितरांचं करतात, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. म्हणाल्या, "उलटंच जायचं तर जा. पितरांकडे जाताना सगळं अपसव्यच असतं. तिथे ह्यांच्या नावानं ओंजळभर पाणी सोड."

या खेपेला पंधरा दिवस काढले होते. भाई तोच. एव्हाना त्याला मुलगी झाली होती, फोनमधला तिचा फोटो तो प्रत्येक चहाच्या दुकानात मालकिणीला दाखवायचा. खालच्या टप्प्यात जीपचा रस्ता थेट मनांगपर्यंत गेला आहे आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. पण बाजूने पायवाटा अजून जिवंत आहेत. दगडांवर, झाडांवर लाल-पांढरे पट्टे मारून मुख्य वाट दाखवली आहे, निळे-पांढरे पट्टे आडवाटांचे. चामेच्या पुढे पाइनच्या सुयांनी मऊ झालेली एक वाट आहे, तिथे मी तासभर धावले, अंगात भरून येईपर्यंत. भाईने काही म्हटलं नाही. ती जागा तीन हजारांच्या खाली होती.

वरच्या पिसांगहून घ्यारूचा चढ सुरू झाला की धावणं संपतं. त्या वळणावळणांच्या चढावर पाठीवर डोको घेतलेल्या दोन बायका आमच्या पुढे निघून गेल्या. कपाळावरच्या पट्ट्याने टोपलीचा सगळा भार तोललेला, मान स्थिर, पावलं आखूड, एकही पाऊल वाया नाही. भोजपूरची मीरा राई 2014 साली काठमांडूजवळ पहिली डोंगरी शर्यत धावली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मों ब्लांची 80 किलोमीटरची शर्यत जिंकली. जगाला तिचं नवल वाटलं. लहानपणी ती तांदळाची पोती घेऊन असेच चढ-उतार करत होती. डोंगरात धावणं हा तिच्या गावात खेळ नव्हता. आपल्याकडे ज्याला तंत्र म्हणून शिकवतात, ते त्या दोन बायकांच्या चालीत होतं, आणि त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या. मी त्यांच्या मागून त्यांच्या पावलात पाऊल टाकत चढले. श्वास एकदाही तुटला नाही.

मनांगला आम्ही तीन रात्री राहिलो.

हे तीन दिवस मला आधी फुकट जाणार असं वाटलं होतं. आता पंधरा दिवसांतले तेच जास्त आठवतात. सकाळी उठून वर चढायचं, उतरून खाली झोपायचं. एक दिवस ब्रागाच्या वर मिलारेपा या तिबेटी संताच्या गुहेपर्यंत गेलो. दुपारी केंद्रातलं बोलणं ऐकलं, पहिल्या रांगेत बसून, वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी धाब्यावर बसून लसणीचं सूप प्यायचं आणि समोर गंगापूर्णेच्या हिमनदीवर ऊन उतरताना बघायचं.

पण अन्नपूर्णा कुठे? मी भाईला विचारलं. गंगापूर्णा दिसते, दुसरी, तिसरी, चौथी अन्नपूर्णा दिसते. पहिली, 8,091 मीटरची, जिच्या नावाने ही सगळी फेरी आहे, ती? त्याने दक्षिणेच्या बर्फाळ भिंतीकडे हात केला. "पाठी." 1950 साली मोरीस एरझोग आणि त्यांचे फ्रेंच सोबती याच शिखराच्या शोधात मनांगपर्यंत आले होते आणि त्यांनाही ते इथून दिसलं नाही, मधली रांग आडवी आली. शेवटी दुसऱ्या बाजूने वाट सापडली आणि 3 जूनला एरझोग आणि लुई लाशनाल माथ्यावर उभे राहिले. आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसाने गाठलेलं ते पहिलं.

मला देवळातली प्रदक्षिणेची वाट आठवली. गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की मूर्ती दिसते. प्रदक्षिणेला निघालो की ती दिसेनाशी होते आणि बाजूला फक्त भिंत राहते, काळ्या दगडाची, तेलकट, हात लावून लावून गुळगुळीत झालेली. मागच्या बाजूला तर अंधारच असतो. तिथून चालताना देव भिंतीपलीकडे आहे एवढंच आपल्याला माहीत असतं. मनांगच्या त्या धाब्यावर बसल्यावर आपण गाभाऱ्याच्या मागच्या अंगाला आलो आहोत असं मला अगदी स्पष्ट जाणवलं. आणि इथे घाई करून मी चार वर्षांपूर्वी काय गमावलं तेही कळलं.

दिशेचं उत्तरही तिथेच मिळालं. सुलट जायचं म्हटलं तर मुक्तिनाथकडून खिंडीवर चढावं लागतं. एका दिवसात साधारण सोळाशे-साडेसोळाशे मीटर, म्हणजे कळसूबाईची समुद्रापासूनची अख्खी उंची, आणि तीही 3,700 च्या वर. वाटेत चहाच्या दोन-चार टपऱ्या सोडल्या तर मुक्काम करत करत चढायला जागा नाही. मनांगच्या बाजूला याक खर्का, लेतदर, फेदी अशी पायरीपायरीने गावं आहेत. तिथे रक्ताला वेळ देता येतो. ही फेरी उलटी होते ती माणसाच्या शरीरामुळे. म्हणून मोठं वर्तुळ अपसव्य आणि त्याच्या आतल्या सगळ्या छोट्या फेऱ्या, मणी-भिंतीच्या, चोर्तेनच्या, प्रार्थनाचक्रांच्या, सव्य. पंधरा दिवसांत मी एकही भिंत डाव्या हाताला ठेवली नाही.

थोरोंग फेदीहून पहाटे चारला निघालो. फेदी म्हणजे पायथा. खिंडीवर दुपारच्या आधीच वारा उठतो, म्हणून सगळे अंधारात चढतात. वर दिव्यांची एक बारीक रांग हलत होती आणि आवाज फक्त काठ्यांच्या टोकांचा. मी दोन पावलांना एक श्वास घेत होते, मग एका पावलाला एक, शेवटी एका पावलाला दोन. मोजत राहिले. कुणालाही मागे टाकायचं नव्हतं आणि बऱ्याच जणांनी मला मागे टाकलं. नळीतलं पाणी गोठलं होतं. साडेसातच्या सुमाराला वाट सपाट झाली, रंगीत पताकांचा ढीग दिसला, पाटीवरचा आकडा दिसला, 5,416. डोकं दुखत नव्हतं. टपरीतल्या बाईने काळा चहा दिला, तो हातात धरून मी पताकांपाशी उभी राहिले. बर्फावर बुटाच्या टोकाने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला बोटं लावत दहा पावलं चालले. दहाच्या दहा रेघेवर पडली. भाई बघत होता. त्याने मान हलवली आणि खाली हात केला.

ही खिंड 14 ऑक्टोबर 2014 ला फार वाईट झाली. विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद वादळाचा उरलेला जोर इथे बर्फ होऊन कोसळला. खिंडीत आणि आसपासच्या डोंगरांत किमान 43 माणसं गेली. खिंडीवरच्या टपरीचा आसरा सोडून काहीही दिसत नसताना याच उतारावर निघालेले लोकही त्यांत होते. आमच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. तरी पहिला टप्पा मी चालतच उतरले.

मग वाट रुंद झाली, मुरमाड घसारा सुरू झाला आणि मी काठ्या मिटल्या. उतारावर धावायला मला सह्याद्रीने शिकवलं आहे. पावलं आखूड आणि भरभर टाकायची. टाच रुतू द्यायची, पण शरीराचं वजन त्या पावलावर थांबू द्यायचं नाही. नजर पायावर नाही, तीन पावलं पुढे. हात दोन्हीकडे सैल. गुडघे किंचित वाकलेले. ब्रेक लावला की मांड्या जळतात, सोडून दिलं की तोंडावर पडतो. त्या दोहोंच्या मधे एक जागा असते, तिथे पाय आपसूक पडत राहतात. आणि दर शंभर मीटरला हवा दाट होत होती! छाती भरत होती. ज्या श्वासासाठी सकाळी साडेतीन तास झगडले तो आता मागितल्याशिवाय मिळत होता. समोर मुस्तांगचे कोरडे, पिवळट-तांबडे डोंगर, त्यांच्यापलीकडे निळं आभाळ. एक तास चाळीस मिनिटं मी धावले. मागून भाई ओरडत धावत येत होता, आणि या वेळी तो बिस्तारै म्हणत नव्हता.

मुक्तिनाथला तर सगळेच धावतात. देवळामागे अर्धवर्तुळाकार भिंतीत 108 धारा आहेत, धातूच्या गोमुखांतून पडणाऱ्या, बर्फाच्या पाण्याच्या. भाविक डोकं खाली घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्याखालून पळतात. साठीच्या पुढच्या आज्या, ओली नऊवारी नेसलेल्या दोन सोलापूरकडच्या बायका, धोतर खोचलेले तमिळ काका, कारण दक्षिणेच्या वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांत हे ठिकाण आहे. नेपाळी मुलं तर दोन-दोनदा. धारेगणिक तोंडातून एक आवाज निघतो, देवाचं नाव म्हणावं की किंकाळी, ते कळत नाही. मीही बूट काढून पळाले. अर्ध्या मिनिटात टाळू बधिर झाली. सोलापूरच्या आजींनी आपल्याच पंच्याने माझं डोकं पुसलं आणि विचारलं, "कुठून आलीस, बाई?" मी खिंडीकडे बोट केलं. त्यांना वाटलं, मी देवळामागच्या घरांविषयी बोलतेय.

कागबेनीत काली गंडकी येते. नदीचं पात्र इतकं रुंद की मधे पाण्याच्या चार-पाच शिरा आणि बाकी सगळी काळी-करडी रेती. सकाळ सरत आली की दक्षिणेकडून वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही, म्हणून आम्ही उजाडताच पात्रात उतरलो. संगमाजवळ एक कुटुंब पिंड मांडून बसलं होतं. मी त्यांच्यापासून लांब, गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहिले आणि सासऱ्यांचं नाव घेऊन ओंजळ सोडली, अंगठ्याच्या बाजूने, पितरांना सोडतात तशी. पाणी राखाडी होतं. एकच ओंजळ, सासूबाईंनी एकच सांगितली होती.

काठावर एक बाई फडक्यावर शाळिग्राम मांडून बसली होती. तिने एक काळा गोटा उचलला, हातोडीने हलकेच टोला दिला. गोटा दोन भागांत उघडला आणि आत चक्र. बारीक वळ्या, शिंगासारख्या, मधोमध घट्ट होत गेलेल्या. हा एका समुद्री जिवाचा ठसा आहे. इथे टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात हा जीव रुतून दगड झाला, आणि भारताचं भूखंड उत्तरेला येऊन भिडलं तेव्हा तो तळ वर उचलत हिमालय झाला. हा जीव जगला तो पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा काळ. मी ते दोन अर्धे भाग तळहातांवर धरले. आमच्या देवघरातल्या छिद्रातून रोज दिसतं ते हेच. विकत काही घेतलं नाही. घरचा आहे.

पुढचे दिवस भराभर गेले. मार्फाची सफरचंदं, तातोपानीचं गरम पाणी, घोरेपानीच्या दगडी पायऱ्या, ज्यांनी गुडघ्यांचा शेवटचा हिशेब घेतला. कालोपानीला एका सकाळी डावीकडचं धुकं फाटलं आणि भिंतीच्या वर पहिली अन्नपूर्णा दिसली, एकदाची. उजवीकडे धौलागिरी. दहा-बारा मिनिटं दिसली आणि ढगात गेली.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी पाण्याचं विचारलं, मग खिंडीचं. पंधरा दिवसांत धावलीस किती, असंही विचारलं. मी हिशेब केला, सगळं मिळून अकरा तास भरले. बाकी सगळी चाल.

या वाटेवर जायचं मनात असेल तर जरूर जा. धावत जायचं असेल तरी जा, वाट फार सुंदर आहे. रजा कमी पडत असेल तर खालचा टप्पा जीपने करा, घोरेपानी गाळा, हवं तर जोमसोमहून विमान धरा. मनांगच्या रात्री मात्र कापू नका, आणि सोबतचा माणूस बिस्तारै म्हणाला की थांबा.